परतीचा धूर

आवाज आधी आला, गाडी नंतर. दौलत एका जीपखाली उताणा पडला होता, हातात पाना, डोळ्यांत गंजाचा भुगा, आणि मावल्याच्या वळणावरून एक इंजिन धापा टाकत येत होतं. दोन ठोके सरळ, तिसरा अर्धा, मग जीव गोळा करून पुन्हा दोन. पाना हातातच थांबला. अकरा वर्षांत त्याच्या हाताखालून किती इंजिनं गेली याची गणती नाही, पण घरातलं माणूस नुसत्या खोकल्यावरून ओळखावं तसा हा आवाज त्याने ओळखला. गाडी दारात उभी राहिली आणि कोणी चावी न फिरवताच बंद पडली. जीपखालून त्याला चाकं दिसली, मग उघडलेल्या दाराची कड, मग चपलेतलं एक पाऊल. उजव्या अंगठ्याला नख नव्हतं. त्या अंगठ्यावर गिअरबॉक्स पडला होता तेव्हा गळ्यातला रुमाल सोडून रक्त पुसायला दौलतच धावला होता, आणि त्याच्या उस्तादांनी, लक्ष्मणरावांनी, तसल्या वेदनेतही पाय मागे घेतला होता. "राहू दे तू. महिपत पानी आनन." 'मेला नाही अजून,' असं दौलतच्या मनात आलं, आणि ते मनात आल्याची त्याला लाज वाटली नाही.

"दौलत हाये का?" वरून आवाज आला. "हाये," तो खालूनच म्हणाला, "कोन पायजे?" कोण आहे ते पक्कं माहीत असून विचारलं. माणसाला स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडाने सांगायला लावण्यातही थोडी मजा असते. "अबे मी लक्ष्मणराव. उस्ताद." मग तो सावकाश बाहेर आला, सावकाश हात पुसले, आणि मान वर केली. अंगाने भरलेला, आवाजाने गॅरेज हलवणारा तो माणूस आता इतका आटला होता, की सदराच वर उरत होता. दोन्ही बुबुळांवर सायीसारखा पडदा. गाडी पुतण्याने, महिपतने, चालवत आणली होती. तो बॉनेटला टेकून घाम पुसत होता. "तीन हप्त्यांत तीन गॅरेज झाले," लक्ष्मणराव अंदाजाने दौलतच्या दिशेने बोलू लागले, जणू कालच दोघं एका ताटात जेवले होते, "कार्बोरेटर खोललं, प्लग बदलले, पॉइंट घासले. रस्त्यानं पळते वाघावानी. गुडीहत्नूरहून आलो, कुठं कुरकुर नाही. अन् उभी केली का मरते. माहे डोये गेले बापा, नाईतर मीच पाह्यलं असतं. लोकं म्हनतात, धूरवाल्याकडे न्या." तो म्हातारा 'धूरवाला' हा शब्द इतक्या मोकळेपणी बोलला, की ते नाव कोणामुळे पडलं हेच तो विसरला असावा. दौलतला सगळ्यात जास्त राग आला तो त्या मोकळेपणाचा.

गाडी तीच होती. जपानी, फिकट निळी, सुधाकररावांची. सुधाकरराव म्हणजे कापसाच्या जिनिंगचे मालक. त्यांच्या मस्कतच्या भावाने ती जहाजातून मुंबईला उतरवली आणि शहाऐंशी साली ती आदिलाबादेत आली, तेव्हा लोक तिला बघायला बसस्टँडपर्यंत चालत गेले होते. महिन्याभरात ती उभ्या उभ्या बंद पडू लागली आणि लक्ष्मणरावांच्या गॅरेजात आली. दौलत तेव्हा चोवीस वर्षांचा. भीमपूरच्या देवाजीचा मुलगा. देवाजीने जन्मभर दुसऱ्याच्या वावरात वखर धरला, आणि पोराला दहावीपर्यंत शिकवून सांगितलं, की बाबासाहेबांनी शिकायला सांगितलं, वखर तर बैलही ओढतो. गॅरेजात दौलतचं एक काम ठरलेलं होतं: टाकीतून पेट्रोल काढायचं तर नळी तोंडाने ओढायची ती त्याने. ती नळी वेगळ्या खिळ्यावर टांगलेली असे आणि तिला दुसरं कोणी तोंड लावत नसे. कोणी तसं बोलून दाखवलं नव्हतं. बोलायची गरजच पडत नव्हती. जिभेवरची पेट्रोलची चव संध्याकाळच्या भाकरीतही उतरायची. रुक्माबाई, त्याची आई, विचारायची, काऊन रे जेवत नाही, आणि तो म्हणायचा, भूक नाही.

त्या गाडीच्या खणात एक इंग्रजी पुस्तक होतं. दौलतने शब्दकोश घेऊन चार दिवसांत त्यातल्या सहा ओळी लावल्या. इंजिनाने बाहेर टाकलेला धूर, त्यातला थोडा एका पाइपातून परत इंजिनात यायचा, कारण त्या धुराने आतला जाळ थंड राहतो. मध्ये एक वाटीएवढा व्हॉल्व्ह. गाडी उभी असली की तो घट्ट बंद, गाडी पळायला लागली की उघडा. त्यात काजळी अडकली की तो उघडाच राहतो. मग उभ्या इंजिनाला हवेऐवजी धूरच मिळतो आणि ते घुसमटून मरतं. एवढीच गोष्ट. दौलत आनंदाने नाचायचा बाकी होता. त्याने उस्तादांना एकटं गाठून सांगितलं, खोलून साफ करू. उस्तादांकडे अशा गोष्टींवर एकच इलाज होता, आणि तो त्या काळी नागपुरापासून निर्मलपर्यंत सगळ्यांचा होता: ज्या पाइपाचं काम कळत नाही, तो बंद करायचा. डब्याचा पत्रा कापून जोडात घालायचा. याला 'टीन मारणं' म्हणत. "उस्ताद, टीन नका मारू," दौलत म्हणाला, "जाळ वाढन. चढावर पिस्टन जळन." "पुस्तकानं गाडी चालते काय बे?" उस्ताद म्हणाले आणि टीन मारलं. गाडी लगेच सुतासारखी चालली. पंधरा दिवसांनी सुधाकरराव चार माणसं आणि कापसाचे नमुने घेऊन निर्मलकडे निघाले, घाटात इंजिन खिळे खडखडवल्यासारखं वाजू लागलं, आणि वरच्या वळणावर पिस्टनला भोक पडलं.

गाडी दोराने ओढत आणली त्या सकाळी गॅरेजात वीस माणसं होती. सुधाकरराव ओरडत नव्हते, त्यांनी फक्त विचारलं, "कोणी हात लावला होता?" लक्ष्मणरावांनी वळूनही न बघता बोट केलं. "यानं. चूक माहीच हाये मालक. वखर धरनाऱ्याच्या हाती पाना देला." वीस माणसं हसली. वाईट बोलण्याला माणसं हसत नाहीत इतकी, पण चपखल बोललेल्या वाक्याला हसतात. आणि कोणीतरी, दौलतला आजही ते तोंड आठवत नव्हतं, म्हणालं, "हा धुराचा डॉक्टर!" त्याचंच पुढे धूरवाला झालं. दौलतने तेव्हाच बोलायला हवं होतं. ते बोलणं त्याने नंतर अकरा वर्षं केलं: सायकलवर, आंघोळीत, बायको ताराबाई शाळेच्या वह्या तपासत असताना तिच्याकडे बघत मनातल्या मनात. दर वेळी शेवट एकच. लक्ष्मणराव चार लोकांत उभे आहेत आणि म्हणताहेत, 'टीन मी मारलं होतं. दौलतनं नाही. चूक माझी.' एवढी तीन वाक्यं. त्याला गॅरेज मिळालं, नाव मिळालं, धूरवाला ही शिवी हुद्दा झाली, तरी ती तीन वाक्यं मिळाली नव्हती, आणि त्यांच्यावाचून बाकीचं सगळं त्याला उष्टं वाटायचं. माणसाने सोडून द्यावं म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या नावाला कोणी हसलेलं नसतं.

"ही तुमच्याकडे कशी आली?" त्याने विचारलं. "सुधाकररावनं नागपूरले इंजिन बांधून घेतलं, अन् मंग ते गेले हैदराबादले. जाताना म्हनले, लक्ष्मणराव, तूच ठेव." दौलतने बॉनेट उघडलं. नागपूरच्या शहाण्या मिस्त्रीने टीन काढून टाकलेलं दिसत होतं. त्याने गाडी चालू करायला लावली आणि कान दिला. व्हॉल्व्हला ओढून उघडणारी बारकी रबरी नळी उपसून तिच्या तोंडावर बोट ठेवलं. इंजिनाला काही फरक पडला नाही. म्हणजे दोष नळीत नाही. पेचकसाच्या लाकडी मुठीने व्हॉल्व्हला दोन हलके ठोके दिले. इंजिन एकदम सावरलं, पाच-सहा श्वास सरळ घेतले आणि पुन्हा घुसमटलं. सापडलं. अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. तीन गॅरेजं, तीन आठवडे, आणि त्याला अर्धं मिनिट. आणि हे जोखू शकणारा, या कौशल्याची खरी किंमत कळणारा एकच माणूस या जिल्ह्यात होता आणि तो समोर आंधळा होऊन उभा होता. लक्ष्मणरावांनी ठोके ऐकले होते. त्यांची मान तिरपी झाली. "धुराचा पाइप ना?" ते म्हणाले, "मले वाटलंच. टीन मारून दे."

दौलतला क्षणभर वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "काय मारू?" "टीन बे. डब्याचं. तुले शिकोलेलं हाये." "अन् जायचं कुठं हाये गाडीनं?" "निर्मलले. दिवाळीले लेकीकडे." आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तशातला प्रकार. घाट तोच. वरचं वळण तेच. काही करायचं नव्हतं, खोटं बोलायचं नव्हतं, चोरून काही सैल ठेवायचं नव्हतं. फक्त उस्तादांची आज्ञा पाळायची होती. दौलतला ते सगळं डोळ्यांपुढे दिसलं: चढावर सुरू झालेली खडखड, महिपतचा घाबरलेला चेहरा, रस्त्याच्या कडेला दगडावर बसलेला म्हातारा, कानाने सगळं ओळखणारा, हाताने काही करू न शकणारा. त्या खडखडीत म्हाताऱ्याला 'टीन नका मारू' हे दौलतचं जुनं वाक्य शब्दन्‌शब्द ऐकू येईल. दौलतच्या अंगात गोड ऊब पसरली. त्याने वनस्पती तुपाचा रिकामा डबा घेतला, कात्रीने पत्रा कापला, जोडाच्या मापाने घासला, बोल्टांसाठी दोन भोकं पाडली. इतकं मन लावून त्याने त्या वर्षात दुसरं काही केलं नव्हतं. "पाहा," म्हणून त्याने पत्रा म्हाताऱ्याच्या हातात दिला. लक्ष्मणरावांनी कडेवरून बोट फिरवलं. "बराबर हाये. हात बसला तुहा." स्तुती होती ती. चोविसाव्या वर्षी अशा एका वाक्यासाठी दौलतने रॉकेलमध्ये हात सोलून घेतले असते.

म्हातारा आणि महिपत रस्त्यापलीकडे कौशल्याबाईंच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. तिथे बाकावर जिनिंगचे दोन लॉरीवाले होते आणि बसची वाट बघणारी तीन-चार माणसं. दौलतने व्हॉल्व्हचे दोन बोल्ट सोडले, जोड उघडला, पत्रा जागेवर धरून पाहिला. डबीला झाकण बसावं तसा बसला. बोल्ट लावायला हात गेला आणि तिथेच त्याला पुढचं दिसलं, जे घाटाच्या चित्रात दिसलं नव्हतं. गाडी दोराने ओढून येणार. गॅरेजात माणसं जमणार. आणि कोणीतरी विचारणार, कोणी हात लावला होता? धूरवाल्याने. पुन्हा त्यानेच. आज्ञा कोणाची होती हे कोण विचारतं. बोट पुन्हा न बघता त्याच्याकडे वळणार, आणि या खेपेला ते बोट खोटंही नसणार. अकरा वर्षांपूर्वीचं खोटं आपण आज आपल्या हाताने खरं करून देत होतो! त्याला त्या म्हाताऱ्याची दया आली नव्हती, कोणी असा समज करून घेऊ नये. त्याला स्वतःच्या हातांची काळजी वाटली. पत्रा त्याने भंगाराच्या ढिगात फेकला.

मग त्याने व्हॉल्व्ह मांडीवर घेऊन साफ केला. आत काजळी दगडासारखी जमली होती, डोसा करपलेल्या तव्यासारखी काळी. खुरपीच्या टोकाने ती पापुद्र्यापापुद्र्याने निघत होती. रॉकेल, ब्रश, पुन्हा खुरपी. मधली कांडी मोकळी झाली, वर-खाली होऊ लागली. त्याने बारकी नळी लावून तोंडाने ओढली. कांडी वर उठली. टोकावर जीभ दाबून धरली. कांडी तशीच तरंगत राहिली. आतला पडदा शाबूत होता. जिभेवर धुराची कडू चव आली. एवढा वेळ त्याच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की होत होती, हळूहळू, काम करता करता कामाची रीत सुचते तशी: इंजिन नाही, माणूसच उघडायचा. त्याला आधी बोलू द्यायचं. पोटभर बोलू द्यायचं, चार लोकांत.

गाडी चालू झाली आणि उभ्याची उभी इतकी शांत चालू राहिली, की टपरीवरच्या कपबशांचा आवाज ऐकू यावा. महिपत हसला. लक्ष्मणराव पुतण्याचा खांदा धरून रस्ता ओलांडून आले, बॉनेटवर तळवा ठेवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जुना उस्ताद उगवला. "पाह्यलं का!" ते टपरीकडे तोंड करून ओरडले, "टीन मारलं, काम झालं! तीन गॅरेजवाले झक मारून राह्यले होते. जे काम कळत नाही ते बंद करून टाकावं. पुस्तकं वाचून गाड्या नाई सुधरत! यालेबी मीच शिकोलं." लॉरीवाले मान हलवत होते. कौशल्याबाई म्हणाल्या, "उस्ताद ते उस्ताद बापा." दौलतने सगळं बोलू दिलं. मग व्हॉल्व्हची बारकी नळी उपसली, तिच्या जागी स्वतःच्या तोंडात धरलेला नळीचा हातभर तुकडा जोडला, आणि त्याचं ओलं टोक म्हाताऱ्याच्या बोटांत दिलं.

"उस्ताद, वढून पाहा."

लक्ष्मणरावांच्या बोटांना ओल लागली होती. टीन असेल तर ओढून काही होणार नाही. व्हॉल्व्ह उघडला तरी पुढे वाट बंद. एवढं त्यांना कळत होतं, आणि नळी कोणाच्या तोंडातली हेही कळत होतं. दौलत बघत होता. म्हाताऱ्याने नळीचं टोक धोतराच्या सोग्याला पुसलं. एकदा नाही, दोनदा पुसलं. पुसताना आपण काय करतो आहोत हे त्याला ठाऊकही नसावं, आणि दौलतच्या मनात जो थोडासा मऊपणा कुठून तरी येऊ बघत होता, त्या स्तुतीतून आला असेल, तो तिथेच संपला. म्हाताऱ्याने नळी तोंडात घेतली आणि ओढली. इंजिन खोल बुडालं, थरथरलं आणि मेलं.

"महिपत, चालू कर," ते म्हणाले. पुन्हा चालू. पुन्हा ओढलं. पुन्हा मेलं. तिसऱ्यांदा त्यांनी अर्धंच ओढून सोडलं. इंजिन वाकलं आणि पुन्हा सरळ झालं. लक्ष्मणराव नळी हातात धरून उभे राहिले. त्यांच्याइतकं हे ऐकणारा कान दुसरा नव्हता. "टीन नाई घातलं तू," ते फक्त दौलतला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले. "नाई. साफ केलं. तेव्हाबी एवढंच करायचं होतं." दौलतने वाट पाहिली. आता म्हातारा म्हणेल, तेव्हा मला समजलं नाही बापा; अकरा वर्षं दौलतने या जागी अडाणीपणा ठेवला होता, उस्तादांची चूक, अहंकार, काहीही. म्हातारा म्हणाला, "मले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"घाटातून गाडी आली, पिस्टन पाह्यलं, तवाच समजलं. तू सांगितल्तं तेच झालं." बोलताना त्यांचा आवाज अगदी साधा होता, शेजारच्या घरची बातमी सांगावी तसा. "पन मालक उभे होते. वीस लोकं उभे होते. म्या काय म्हनाव? तुह्यावर ढकललं. तुले कोन इचारत होतं, दौलत."

दौलतने खिडकीतून हात घालून चावी काढली. इंजिन थांबलं आणि रस्ता एकदम मोठा वाटू लागला. चूक नव्हती तर. ज्या चुकीची कबुली तो इतकी वर्षं मागत होता ती चूक कधी झालीच नव्हती. तेव्हा या माणसाने त्याला नीट जोखून, मोजून, कोणावर ढकललं तर स्वस्त पडेल ते ठरवलं होतं. 'तुले कोन इचारत होतं.' त्या वीस जणांच्या हसण्यापेक्षा हे जास्त लागलं. त्याच्या हातात चौदाचा पाना होता. त्याने तो बॉनेटवर ठेवून दिला, कारण हातात ठेवणं बरं नव्हतं.

"हे मोठ्यानं म्हना," तो म्हणाला.

"कोनाले?"

"साऱ्यायले. टीन मी मारलं होतं म्हना. दौलतनं नाई. चूक माही."

"जाऊ दे ना दौलतभाऊ," महिपत पुढे झाला, "म्हातारं मानूस हाये." दौलतने चावी मुठीत आवळली आणि त्याच्याकडे पाहिलंही नाही. लक्ष्मणराव वळले. दिसत नसल्यामुळे ते टपरीकडे न वळता लिंबाच्या झाडाकडे वळले, आणि झाडाला उद्देशून, पण खणखणीत, जुन्या आवाजात म्हणाले, "सुधाकररावची गाडी जळाली ना, अकरा वर्साआधी, ते टीन म्या मारलं होतं. दौलतनं नाई. चूक माही."

वाक्यं तीच होती. शब्दही जवळजवळ तेच. बाकावरचा एक लॉरीवाला शेजाऱ्याला म्हणाला, "कोण सुधाकरराव?" दुसऱ्या एकाने काय झालं म्हणून तेलुगूत विचारलं, "एमैंदी?" आणि त्याला उत्तर मिळालं, गाडी नीट झाली म्हणे. कौशल्याबाई चहा गाळत होत्या. त्या सकाळच्या वीस जणांपैकी इथे कोणी नव्हतं. काही मेले, काही गाव सोडून गेले, आणि उरलेल्यांना आपण हसलो होतो हे आठवतही नसणार. दौलत छातीत काही हलण्याची वाट बघत उभा राहिला. भूक लागलेल्या माणसाला कोणी कोरडं पीठ चारावं तसं झालं.

"पुन्हा म्हना," तो म्हणाला.

"म्हनलं ना बापा आता," महिपत म्हणाला.

"पुन्हा."

लक्ष्मणरावांनी बॉनेटचा आधार घेतला आणि पुन्हा म्हटलं, या वेळी शब्द थोडे मागेपुढे झाले. भीमपूरची बस वळणावर दिसली आणि बाकावरची माणसं पिशव्या घेऊन उठली. लॉरीवालेही उठले. म्हातारा तिसऱ्यांदा बोलत होता तेव्हा ऐकायला रस्त्यावर कोणी उरलं नव्हतं, महिपत खाली बघत होता, आणि दौलत एकेक शब्द नीट ऐकत होता आणि त्याला ते अजूनही कमी वाटत होतं.

"पुन्हा," तो म्हणाला.